आईने पाठवलेले आकडे

गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला नीरजाबाई काहीही करत असल्या तरी त्यांचा एक कान फ्रीजकडे असे. फ्रीजवर विणलेल्या रुमालावर आमोदचा जुना, बटणांचा फोन ठेवलेला होता. कंपनीने नवा फोन दिल्यापासून त्याने तो घरीच टाकला होता. पण त्याचा नंबर गॅसच्या पुस्तकापासून वधू-वर मंडळापर्यंत सगळीकडे दिलेला असल्यामुळे तो बंद करायची सोय नव्हती. दिवसभर त्यावर मंडळाच्या विमलाबाईंचे फोन येत. अमुक स्थळ चांगलं आहे, तमुक मुलगी नोकरीवाली आहे. गुरुवारी चार वाजता येणारा मेसेज मात्र विमलाबाईंचा नसे.

आजही तो आला. नीरजाबाईंनी मेथी निवडता निवडता हात पुसले आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"आमोद, या शुक्रवार ते रविवार प्यायचा विचार आहे का? असला तर किती पेगवर थांबशील? आकडा पाठव."

इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. सुरुवातीला त्यांना त्या अक्षरांचाच राग आला होता, आता सवय झाली होती. त्यांनी शून्याचं बटण दाबलं, मेसेज पाठवला आणि पुन्हा मेथीला बसल्या. मिनिटभरात उत्तर आलं: "मस्त! सलग तिसरा आठवडा. अवघड होतं, तू करून दाखवलंस." नीरजाबाईंना बरं वाटलं. आपण पेपर लिहिलाच नाही आणि तरी निकाल आपलाच लागला, तसं काहीसं ते बरं वाटणं होतं. पण माणसाला बरं वाटायला लागलं की ते कुठून आलं हे तो फारसं विचारत नाही.

हे सुरू झालं ऑगस्टमध्ये. आमोद हडपसरच्या एका आयटी कंपनीत होता. तिथे काम पूर्ण होऊन गिऱ्हाइकाच्या हाती गेलं की शुक्रवारी पार्टी, आणि काम लांबलं की कंटाळा घालवायला शुक्रवारी पार्टी. म्हणजे पार्टी चुकायची नाही. न पिणाऱ्याला कुणी जबरदस्ती करत नसे, फक्त त्याच्यापुढे सरबताचा ग्लास ठेवून टेबलभर हसत. सोमवारी महत्त्वाच्या कामाची नावं निघत, तेव्हा सरबतवाला कुणाला आठवत नसे. आमोदला पहिल्या वर्षातच हे समजलं. चौथ्या वर्षी त्याला सरबत नकोसं झालं होतं. ऑगस्टमधल्या अशाच एका शुक्रवारी कर्वेनगरच्या वळणावर त्याची गाडी घसरली, भुवईवर सात टाके पडले आणि फोनचा चुरा झाला.

हॉस्पिटलात एक मुलगी भेटली. तिचं नाव सुनीती. एका संस्थेसाठी ती तरुण मुलांचं पिणं कमी करायचं काम करत असे. दारू पूर्ण सोडाच, असं ती म्हणत नव्हती. आठवड्यातून दोन मेसेज, गुरुवारी आणि रविवारी. गुरुवारी किती पिणार ते ठरवायचं, रविवारी खरंच किती झाले ते सांगायचं, बस. आमोद घाबरलेला होता. "आठवड्याला नऊ-दहा होतात," असं त्याने तिला खरं सांगून टाकलं आणि फॉर्मवर सही केली. मोबाईल नंबराच्या जागी काय लिहू, असं सुनीतीने विचारलं तेव्हा त्याचा फोन फुटलेला होता आणि डोकं बांधलेलं होतं. नीरजाबाईंनी घरच्या फोनचा नंबर सांगितला. त्या क्षणी त्यात काही लबाडी नव्हती, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

पहिला मेसेज आला तेव्हा आमोद कामावर होता. शेजारीच विमलाबाईंचा मेसेज होता: "मुलगी बँकेत, पत्रिका जुळते." एकाच खिडकीत एकाखाली एक, पत्रिका आणि पेग. नीरजाबाईंनी फोन पुन्हा रुमालावर ठेवला. संध्याकाळी सांगू म्हणाल्या. संध्याकाळी आमोद वेळेवर घरी आला, शांत जेवला. कशाला त्या विषयाची खपली काढायची, म्हणून त्या गप्प बसल्या. रविवारी दुसरा मेसेज आला: "तीन दिवसांत सगळे मिळून किती झाले? खरा आकडा पाठव. कुणी रागावणार नाही."

उत्तर दिलं नाही तर ती मुलगी फोन करेल, विमलाबाईंशी बोलणं चालू असताना करेल, नवऱ्याने, अनंतरावांनी उचलला तर आणखी तमाशा. म्हणून नीरजाबाईंनी आकडा पाठवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नीरजाबाई कोथरूडच्या सकाळच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत आल्या होत्या. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळी गणितं एकदम बरोबर आली की पोरगं सापडतं आणि हुशार कॉपीबहाद्दर एक गणित मुद्दाम चुकवतो, हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी एकदम शून्य पाठवलं नाही. नऊ पाठवले, पुढच्या रविवारी आठ, मग सहा. एकदा सहाचे सात केले, कारण माणूस आहे, घसरणारच. मग पाच, चार, तीन, दोन आणि शेवटी शून्य. इतकी सुंदर उतरंड फळ्यावरसुद्धा जमत नाही. आणि रोज एकच गोष्ट घोकली की ती खरी वाटू लागते, तशी ती उतरंड त्यांना खरी वाटू लागली. शुक्रवारी उशिरा आलेल्या मुलाच्या अंगाला बडीशेपेचा वास का येतो, हे त्यांनी स्वतःला विचारणं सोडून दिलं.

दिवाळीनंतर नम्रताचं स्थळ आलं. वडील रंगनाथ मूळचे वर्ध्याचे, पंधरा वर्षं हडपसरला एका कारखान्यात सुपरवायझर. मुलगी बँकेत. आमोद आणि नम्रता दोनदा भेटले, दोघांनाही पटलं. पुढचं बोलायला रंगनाथ आणि त्यांच्या पत्नी सत्यशीला घरी आले, तेव्हा चहा झाल्यावर रंगनाथांनी कप खाली ठेवला.

"अनंतराव, राग नका मानू. मी सगळीकडे विचारतो, इथंही विचारून राहिलो. मुलगा पीत-बीत तर नाही ना?"

अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. फाइल कुठे ठेवायची नि कुठे नाही, यात त्यांची हयात गेली होती. "आमच्या घरात सुपारीचं खांड सापडायचं नाही," ते म्हणाले. हे खरं होतं. विचारलं होतं मुलाबद्दल, उत्तर मिळालं घराबद्दल.

रंगनाथ नीरजाबाईंकडे वळले. "ताई, तुम्ही शिक्षिका. तुम्ही सांगा, म्हणजे झालं."

नीरजाबाईंच्या डोळ्यांसमोर त्या आठवड्याचं शून्य होतं. "तो घेत नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही.

साखरपुड्याची तारीख ठरवायला शनिवारी साडेअकराला सगळे यायचे ठरले.

त्या शनिवारी सकाळी घरात नुसती धावपळ होती. शिऱ्याचा रवा भाजून झाला होता, दिवाणावर नवी चादर घातली होती. फ्रीजवरचा फोन आदल्या दिवशी दोनदा वाजून गेला होता, पण नीरजाबाई साडी आणायला गेल्या होत्या आणि अनंतरावांना मेसेज वाचायचा कंटाळा. आमोद अजून अंथरुणात होता. शुक्रवारी कंपनीची पार्टी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोललं नव्हतं.

दहा वाजता बेल वाजली. दारात सुनीती होती. पाठीला पिशवी, हातात फाइल.

"काकू, नमस्कार. मी काल मेसेज टाकला होता, आज येते म्हणून. नको म्हणून उत्तर आलं नाही, म्हणून आले. बारा आठवडे झाले ना, एकदा समोर बसून फॉर्म भरायचा असतो. आमोद आहे?"

"आज नाही जमायचं," नीरजाबाई दार अर्धं धरूनच म्हणाल्या. "पाहुणे यायचेत."

"दहाच मिनिटं, काकू. अहो, आमच्या चाळीस मुलांत तो एक नंबर आहे. मी बाकीच्यांना त्याचं उदाहरण देते, नाव न सांगता."

आतून आमोद आला. डोळे लाल, केस विस्कटलेले, हातात पाण्याची बाटली. सुनीतीला त्याने ओळखलं आणि तो चक्क हसला.

"अरे, तुम्ही? मला वाटलं तुमचं ते प्रोजेक्ट बंद पडलं."

"बंद कसं पडेल?" सुनीती त्याच्याकडे बघत राहिली. तिला वासही आला असणार. "आमोद, तू नऊवरून शून्यावर आलास. गेले तीन रविवार शून्य पाठवतोयस."

"मी? मला तर एकही मेसेज आला नाही."

सुनीतीने फाइल उघडून नंबर वाचून दाखवला. आमोदने तो ऐकला, फ्रीजकडे गेला, रुमालावरचा फोन उचलला आणि उभ्या उभ्या वाचायला लागला. बारा गुरुवार, अकरा रविवार. त्याला घाई नव्हती. एकेक मेसेज तो पुरता वाचत होता. नीरजाबाईंना वाटलं, त्याने ओरडावं, फोन भिंतीवर फेकावा, निदान काही बोलावं.

"दर गुरुवारी यायचे का हे?" त्याने शेवटी विचारलं.

"आमोद, मी सांगणारच होते..."

"मी वाट बघत होतो, आई." तो खुर्चीवर बसला. "ॲक्सिडेंटनंतर दोन-तीन गुरुवार फोन हातात धरून बसलो होतो ऑफिसात. म्हटलं, ती विचारेल किती, मी सांगेन चार, आणि मग खरंच चारवर थांबेन. कुणीतरी विचारायला पाहिजे होतं गं. घरात तर तुम्ही कुणी विचारतच नाही. मेसेज आला नाही. म्हटलं, चला, तिलापण काही पडलेलं नाही."

"काल किती झाले?" सुनीतीने विचारलं. आवाज मेसेजसारखाच होता, रागाचा लवलेश नसलेला.

"अकरा. कदाचित बारा. शेवटचे आठवत नाहीत."

सुनीतीने फाइल मिटली. तिचा चेहरा उतरला होता. "मलाच कळायला हवं होतं. मेसेज टाकला की मिनिटात उत्तर. सव्वीस वर्षांचा कुठला मुलगा मिनिटात उत्तर देतो? मध्ये एकदा फोन केला तर आंघोळीला गेलाय म्हणून सांगितलंत. मी ते पण मानलं." ती नीरजाबाईंकडे वळली. "काकू, मुलं खोटं बोलतील, हे आम्ही धरूनच चालतो. त्याचं काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. आई खोटं बोलेल, हे कुणी शिकवलं नव्हतं."

एवढ्यात अनंतराव आतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकूनही ते पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते.

"ताई, तुमचं काम महत्त्वाचं आहे, प्रश्नच नाही. पण आज आमचा कार्यक्रम आहे. पुढच्या आठवड्यात या. आमोद, दाढी कर, दोन कप काळी कॉफी घे." मग बायकोकडे वळून म्हणाले, "आणि तू आता रडत बसू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्न झालं, अंगावर जबाबदारी पडली, की सुटतं सगळं आपोआप. आमच्या ऑफिसात कितीतरी सुटलेले बघितलेत मी."

"आणि न सुटलेले?" नीरजाबाईंनी विचारलं.

"ते काय मी मोजत बसलो होतो?"

हेच ते. आपल्याकडे सुटलेल्यांच्या गोष्टी सांगतात आणि न सुटलेल्यांच्या बायकांना कुणी विचारत नाही. पिणाऱ्या मुलाला डॉक्टर नको, सल्ला नको, दोन सरळ प्रश्न नकोत. सून आणली की झालं. मुलीच्या आईबापांनी विचारलं तर सुपारीचं खांड दाखवायचं. वर पुन्हा हे सगळं मुलाच्या भल्यासाठी.

नीरजाबाईंना हे सगळं एका झटक्यात समजलं असं नाही. त्यांना फक्त खूप चीड आली, आणि ती कुणाची म्हणून बघायला गेल्या तर आधी स्वतःचीच होती. "अहो," त्या म्हणाल्या, "चार वर्षांत मला आणि तुम्हाला जे विचारायचं धाडस झालं नाही, ते त्या पोरीने मंगळसूत्र घालून निस्तरायचं?"

"हात दाखवून अवलक्षण करू नकोस."

"ते मी तीन महिन्यांपूर्वीच केलंय."

साडेअकराला रंगनाथ, सत्यशीला आणि नम्रता आले. सुनीती तोपर्यंत आमोदचा खरा नंबर लिहून घेऊन निघून गेली होती. शिरा वाढून ठेवला होता. कुणी चमचा उचलायच्या आत नीरजाबाई उभ्या राहिल्या.

"मी तुम्हाला परवा खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आमोद पितो. शुक्रवारी पितो आणि भरपूर पितो. ऑगस्टमधला अपघात त्यामुळेच झाला. त्याला कमी करायचं होतं, त्यासाठी मदत मिळत होती, ती मीच अडवून ठेवली. तारीख ठरवायच्या आधी तुम्हाला हे माहीत असायला हवं."

अनंतराव खिडकीतून खालच्या पार्किंगकडे बघत राहिले. रंगनाथांनी वाटी पुढे सरकवली, जरा जोरातच. नम्रता मात्र आमोदकडे बघत होती.

"आपण दोनदा भेटलो," ती म्हणाली. "तू मला हे सांगणार होतास?"

आमोद तिच्याकडे बघून म्हणाला, "माहीत नाही. बहुतेक नाही."

"ठीक आहे." ती उठली. "चला, बाबा."

असल्या प्रसंगी मुलीचा बाप डोळे पुसतो, खरेपणाचं कौतुक करतो आणि लग्न ठरतं, असं आपल्याला वाचायला आवडतं. तसलं काही झालं नाही. रंगनाथ तडक जिना उतरून गेले. सत्यशीला चपला घालायला थांबल्या.

"ताई, लई राग आला मले तुमचा," त्या म्हणाल्या. "पोरीचे मैत्रिणींना फोटो दाखवून झाले. हे आधी सांगाले काय झालं होतं?"

नीरजाबाईंनी मान खाली घातली, आणि सत्यशीला उत्तराची वाट न बघता गेल्या.

मग दोन आठवडे घर घर राहिलं नाही. अनंतराव बायकोशी फक्त वर्तमानपत्र मागण्यापुरतं बोलत. सोसायटीत बातमी पसरायला एक दिवसही लागला नाही. शाळेतल्या एका बाईंनी मधल्या सुट्टीत मायेने सांगितलं, "थोडं गप्प राहायचं होतंस गं, सगळ्यांचीच मुलं घेतात हल्ली." आमोदच्या नव्या फोनवर आता मेसेज येत होते. पहिल्या गुरुवारी त्याने पाच ठरवले आणि रविवारी दहा झाले. नीरजाबाईंना वाटलं होतं, एकदा खरं बोललं की सगळं आपोआप मार्गी लागेल. तसं काही नव्हतं, आणि त्याची त्यांना रोज चीड येत होती.

दुसऱ्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. आमोद टेबलाशीच बसला होता. जुना फोन वाजला. विमलाबाई होत्या.

"नीरजाताई, झालं गेलं विसरा. एक छान स्थळ आलंय, कर्वेनगरचं. मुलाचा फॉर्म पाठवते त्यांना. 'निर्व्यसनी' लिहिलंय तुम्ही, ते तसंच ठेवते हं."

"नको, विमलाबाई. ते खोडा."

"अहो, सगळेच लिहितात. ते वाचतंय कोण?"

"मुलीचे आईवडील वाचतात. खोडा, आणि तिथे लिहा: पितो, कमी करायचा प्रयत्न चालू आहे."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "ताई, फॉर्मवर 'निर्व्यसनी' आणि 'कधीतरी' एवढंच असतं. असलं लिहायला आमच्याकडे रकाना नाही."

"मग आमचा फॉर्म बाजूला काढून ठेवा. इतक्यात स्थळ बघायचं नाही आम्हाला." नीरजाबाईंनी फोन ठेवला. खोलीतून अनंतरावांचा खाकरण्याचा आवाज आला, पण ते बाहेर आले नाहीत.

आमोदचा फोन टेबलावर थरथरला. त्याने वाचलं, अंगठा आकड्यांवर नेला आणि तसाच धरून ठेवला. नीरजाबाईंना तो कशाचा मेसेज आहे ते कळलं. त्या ताटं गोळा करत राहिल्या. पाच लिही, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. निदान सहा. निदान त्या मुलीला तरी बरं वाटेल.

"आई," आमोद मान वर न करता म्हणाला, "सात झाले. पाच ठरवले होते."

"सातच झाले?"

"सातच. मोजलेत मी."

नीरजाबाईंनी ताटं खाली ठेवली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"मग सात लिही," त्या म्हणाल्या.